हाजरांचे पाणी

बकरी ईदच्या खुतब्यात दरवर्षी बाप आणि मुलगा येतात. हजरत इब्राहीम (अ.) यांचे स्वप्न, हजरत इस्माईल (अ.) यांची तयारी, मग दुंबा. आई ओझरतीच येते. बीबी हाजरा पाण्यासाठी सफा-मरवामध्ये सात वेळा धावल्या, जमजम निघाले, संपले. त्यांची गोष्ट तिथे संपत नाही, हे मला २०१६ च्या उन्हाळ्यात अम्मीकडून कळले.

आमची पाली बीडच्या जवळ, बिंदुसरा तलावाला लागून. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्यासाठीच केली असावी. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते. आमच्या घरामागच्या बोअरला मात्र रोज तासभर पाणी येत होते. एक टँकरवाला येऊन भाव सांगून गेला. बहिणीचे लग्न ठरले होते, डोक्यावर कर्ज होते. मी मनातल्या मनात हिशेबही करून टाकला.

अम्मी म्हणाली, "पानी बेचना नै. भरू दे सबकू. लेकिन चाबी मेरे पास रैंगी."

मी चिडलो. फुकटच द्यायचे तर कुलूप कशाला? तेव्हा तिने ती गोष्ट पुढे सांगितली. मी नंतर बुखारीत वाचली, तशीच निघाली. इब्राहीम (अ.) यांनी बायको आणि दूधपिते बाळ ओसाड खोऱ्यात ठेवले, तेव्हा जवळ एक थैली खजूर आणि एक मशक पाणी होते. हाजरांनी शेवटी विचारले, हा अल्लाहचा हुकूम आहे का? हो म्हटल्यावर त्या माघारी फिरल्या. जमजम निघाल्यावर त्यांनी हातांनी माती ओढून पाण्याला बांध घातला. काही काळाने आकाशात घिरट्या घालणारा पक्षी पाहून जुरहुम टोळीच्या लोकांनी ओळखले, इथे पाणी आहे. त्यांनी येऊन विचारले, आम्ही इथे राहू का? त्या म्हणाल्या, राहा, पण पाण्यावर तुमचा हक्क नाही. त्यांनी मान्य केले. मक्का वसली ती या बोलीवर. इस्माईल (अ.) त्यांच्यातच वाढले, अरबी शिकले, त्यांच्यातच लग्न केले.

मला या गोष्टीतली बाई पहिल्यांदाच दिसली. एकटी, कडेवर मूल, समोर अख्खी टोळी. तरी अट तिची. कुरआनात त्यांचे नाव येत नाही, सफा-मरवाचा उल्लेख मात्र सूरह बकरहमध्ये आहे. आणि हजला गेलेला प्रत्येक माणूस, मोठमोठे आलिमसुद्धा, एका आईच्या धावण्याची नक्कल करत तीनेक किलोमीटर चालतो.

तर अम्मीने कुलूप लावले. सकाळी बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, कुणालाही चारपेक्षा जास्त नाही. कुणी जात विचारली नाही. एका पुढाऱ्याचा माणूस मागून पाईप लावायला आला, त्याला तिने परत पाठवले. दुसऱ्या दिवशी तो हंडा घेऊन आला आणि रांगेत उभा राहिला. त्यालाही चारच.

लग्नासाठी शेवटी मी म्हैस विकली. जूनमध्ये पाऊस पडला, तेव्हा अम्मीने चावी खिळ्याला टांगली. तिथेच आहे अजून.