कोऱ्या कागदावरचा अंगठा

आम्हा ठाकरांच्या घरात पोर बारावीच्या पुढं गेलं की ‘व्हॅलिडिटी’ हा शब्द चुलीपर्यंत पोचतो. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला जायचं तर प्रांतसाहेबांचा दाखला पुरत नाही, तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. आपण आदिवासी आहोत हे सिद्ध करण्याचा भार कायद्यानं अर्जदारावरच टाकलेला आहे. कागदांवर समितीचं समाधान झालं नाही, तर प्रकरण दक्षता पथकाकडं जातं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात ही पथकं नेमायला सांगितली, खोट्या दाखल्यांवर जागा बळकावणारे उघडे पडावेत म्हणून. हेतू आमच्याच भल्याचा होता. खोट्या दाखल्यानं जागा जाते ती आमच्याच पोरांची.

माझ्या भाचीच्या प्रकरणात पथक गावच्या घरी आलं तेव्हा घरात आई एकटीच होती. मी शाळेवर, भाऊ कल्याणला कामावर. आधी निरोप नव्हता. आईला ओट्यावर बसवलं आणि शेजारपाजार गोळा झालेला असताना चौकशी सुरू केली. कुळ कोणतं, देव कोणते, लग्नात हळद कोण लावतं, मयताला काय करता. विचारणारे तिच्या मुलाच्या वयाचे, पण सगळं ‘अगं-तुगं’वर. तिला एक गोष्ट आठवेना तेव्हा एकजण हसला आणि म्हणाला, “ठाकर म्हणवतेस आन् एवढं म्हाईत नाही?” नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईला तिच्या लग्नाच्या रात्रीचे विधी चारचौघांत विचारले. मग कागदावर अंगठा घेतला आणि गाडी निघून गेली. संध्याकाळी आई मला एवढंच म्हणाली, “बाई, कागद कोराच व्हता.”

कारणे दाखवा नोटिशीसोबत अहवालाची प्रत आली तेव्हा तिच्या बोलण्याचा अर्थ कळला. आईच्या नावानं लिहिलं होतं की जमातीचे देव, सण, विधी माहीत नाहीत. वाघोबाचं नाव तिनं घेतलंच नव्हतं म्हणे! जी बाई दरवर्षी वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेत नाही, तिच्या तोंडी हे वाक्य. माझ्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा १९३८ चा उतारा आम्ही जोडला होता. जातीच्या रकान्यात स्वच्छ ‘ठाकर’. त्याचा अहवालात उल्लेखच नव्हता.

ओळखीच्या वकिलांनी सल्ला दिला की अहवालाला उत्तर द्या, अधिकाऱ्यांच्या वागण्यावर काही लिहू नका, समिती चिडते. मला हे पटलं नाही. जबाब कसा घेतला हे सांगितल्याशिवाय तो खोटा का, हे कसं सांगणार? मी दोन्ही लिहिलं. उत्तर वेगळं, तक्रार वेगळी, आणि मूळ जबाब सुनावणीत दाखवावा अशी मागणी.

सुनावणीच्या दिवशी आईला सोबत नेलं. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं, “मॅडम, अहवालावर बोला. तपास करणाऱ्यांवर नको.” मी म्हणाले, “साहेब, अहवाल ज्या जबाबावर उभा आहे, तो कसा झाला तेच सांगतेय. आणि माझं म्हणणं रोजनाम्यात नोंदवा, एवढी विनंती.” रोजनामा म्हटल्यावर खोलीतलं बोलणं सावध झालं. जे तिथं लिहिलं जातं तेच पुढं उच्च न्यायालयात वाचलं जातं, हे त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

पथकाचे अधिकारी म्हणाले, जबाब वाचून दाखवला, मगच अंगठा घेतला. अध्यक्षांनी फाईलमधून मूळ कागद काढला. मीही उठून पाहिला. वरच्या ओळी ऐसपैस होत्या. खाली येता येता अक्षर बारीक होत गेलेलं, शेवटच्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या आणि शेवटचं वाक्य अंगठ्याला वळसा घालून समासात चढलेलं. अंगठा आधी आणि मजकूर नंतर, हे कळायला कुठला तज्ज्ञ लागत नव्हता. महिला सदस्या बराच वेळ तो कागद बघत राहिल्या. मग त्यांनी आईला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “आजी, वाघोबाचं काय करता तुम्ही?” आई बोलत राहिली, त्या लिहून घेत राहिल्या. शेवटी त्यांनी सगळं वाचून दाखवलं. एका ठिकाणी आईनं थांबवलं, “ते तसं न्हाई, बाई.” त्यांनी ते खोडून दुरुस्त केलं. ओट्यावर जे व्हायला हवं होतं ते हेच होतं, आणि त्याला जास्तीचा वेळही लागला नाही.

आमच्याच समाजाच्या ‘महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०२३ रोजी निकाल दिला आहे. अ‍ॅफिनिटी टेस्ट, म्हणजे रीतिरिवाजांची ही परीक्षा, दाव्याची एकमेव कसोटी ठरू शकत नाही, आणि प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडं पाठवणं बंधनकारक नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मी तो निकाल जोडला होता. शहरात वाढलेल्या पोरीला डोंगरातले विधी येत नाहीत म्हणून ती ठाकर नाही, हा न्याय मला कधीच मान्य होणार नाही. तिच्या आजोबांना रोजगारासाठी डोंगर सोडावा लागला, जमात नव्हे.

समितीनं दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरचौकशी करून घेतली आणि भाचीला प्रमाणपत्र मिळालं. ती आता कॉलेजात आहे. तक्रारीवर मात्र ‘संबंधित विभागास कळविण्यात येत आहे’ एवढीच ओळ लेखी मिळाली. त्यापुढं काहीही आलेलं नाही. मी स्मरणपत्रं पाठवते आहे, पाठवत राहणार आहे.

तुमच्या घरी पथक आलं तर त्यांना पाणी द्या, विचारतील ते खरं सांगा. पण म्हाताऱ्या माणसाला एकटं बसवू नका. जबाब पूर्ण लिहून होऊ द्या, मोठ्यानं वाचायला लावा, चुकलेलं तिथंच दुरुस्त करून घ्या आणि अंगठा मजकुराच्या अगदी खाली, जागा न सोडता द्या. कोरा कागद पुढं केला तर नाही म्हणा, आणि नाही म्हटल्याचं त्याच दिवशी समितीला लेखी कळवा.