पिठातला हात

घोडबंदर रोड माजिवड्याहून निघतो आणि डावीकडे येऊरचे डोंगर ठेवीत पोर्तुगीजांनी बांधलेल्या घोडबंदरच्या किल्ल्याकडे जातो. या रस्त्यावरील एका उंच इमारतीत एक आजोबा राहतात. तीस वर्षे त्यांनी कारखान्यात लेथयंत्रावर काम केले. केसाएवढा फरकही त्यांच्या बोटांस कळे. अशा माणसाचा उजवा हात एका पहाटे अर्धांगवायूने निर्जीव झाला.

थोडी शक्ती परतल्यावर व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंनी त्यांस दाबावयास रबरी चेंडू दिला. “मी काय कुक्कुळं बाळ आहे?” असे म्हणून आजोबांनी तो दूर लोटला. बाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी आजींना विचारले, “यांना पूर्वी कशाची आवड होती?”

“दिवाळीची नानकटाई दरवर्षी हेच करीत. मला हात लावू देत नसत!” आजी म्हणाल्या.

व्यवसायोपचारातील ‘व्यवसाय’ म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे; मन रमेल असे कोणतेही काम. हे शास्त्र शिकविणारी शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 साली कमलाताई निंबकर यांनी काढली. त्या जन्माने अमेरिकन. विवाहानंतर त्या भारताच्याच झाल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबांपुढे परात आली. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा. तूप फेसताना मिटलेला तळवा उघडतो, मळताना मनगटावर भार पडतो आणि गोळा वळताना अंगठा बोटांना शोधू लागतो. चेंडू दाबतानाही बोटांना व्यायाम होतोच. पण चेंडूला वेलदोड्याचा वास येत नाही, आणि तो कुणाला खाऊ घालता येत नाही. दुबळ्या हातास चटका लवकर कळत नाही, म्हणून विस्तवाजवळचे काम नातीकडे होते. शिट्टी काढलेल्या कुकरात तळाशी मीठ पसरून तिने नानकटाई भाजली.

आजोबांनी एक नानकटाई दुसरीशी ताडून पाहिली आणि मान हलविली. “जाडी एकसारखी नाही. उद्या पुन्हा करू.”

हात पूर्ववत झाला नाही. सदऱ्याची वरची गुंडी अजून आजीच लावतात. मात्र दर शनिवारी नानकटाईचा डबा भरतो. त्यातील सुबक नानकटाया आजोबा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. शेजारच्या मुलांना वाकड्याच आवडतात. कारण त्या मोजून मिळत नाहीत.