तीन फुटांवरचा चेंडू आणि थरथरणारा हात

तुम्ही म्हणाल, अलिबागचा डॉक्टर आणि गोल्फ? आपल्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळायचं तरी ओहोटीची वेळ बघावी लागते! महिन्यातून एखाद्या रविवारी पेण-पनवेलमार्गे खारघरच्या सिडकोच्या मैदानावर जातो, तेवढाच माझा खेळ. पण गेल्या वर्षी तिथे जे झालं तशीच तक्रार घेऊन तुमच्यापैकी बरेच जण येतात, म्हणून सांगतो.

चेंडू भोकापासून तीन फुटांवर होता. भोक १०८ मिलिमीटर रुंद, चेंडू जेमतेम ४३. चुकायचं कारणच नाही. ऐन फटक्याच्या क्षणी उजव्या मनगटाला झटका बसला आणि चेंडू बाजूने गेला. मग प्रत्येक जवळच्या फटक्याला तेच. लांबचे फटके मात्र ठीक. बरोबरचे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या वडिलांना कंपवात होता.

स्वतःची तपासणी स्वतः करू नये, हे मी तुम्हाला सांगतो. आणि मी आठवडाभर आरशासमोर अंगठ्यावर बोट आपटत बसलो होतो! शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पाहिलं ते असं: कंपवातात बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. दुसरा, जास्त आढळणारा कंप हात कामात असताना येतो. कप उचलला की चहा सांडतो. हा अनेकदा घराण्यात असतो. थायरॉइड वाढल्याने किंवा दम्याच्या काही औषधांनीही हात कापतो.

माझं यातलं काहीच नव्हतं. मनगटाच्या या झटक्याला गोल्फवाले 'यिप्स' म्हणतात. बर्नहार्ड लांगरसारख्यालाही तो होता, तरी त्याने १९८५ आणि १९९३ साली मास्टर्स जिंकली. काहींत तो लिहिताना बोटं आखडतात त्या जातीचा असतो, काहींत निव्वळ धास्तीचा, पुष्कळदा दोन्हींची भेसळ.

एका मित्राने प्रोप्रॅनोलॉल घ्यायला सुचवलं. कंपावर ते चालतं, पण दमेकऱ्याला धोक्याचं आहे, आणि स्पर्धेच्या गोल्फमध्ये त्यावर बंदी आहे. कृपया मित्राच्या सल्ल्याने घेऊ नका.

मी सतरंजी अंथरली, स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि एका फुटावरून सुरुवात केली. डावा हात खाली, उजवा वर अशी पकडही बदलली, कारण जुन्या पकडीला तो झटका चिकटला होता. सलग दहा आत गेल्याशिवाय दोन फुटांवर जायचं नाही. रोज पंधरा मिनिटं, हात थकायच्या आत बंद. एवढ्या जवळून चुकणं अवघड, त्यामुळे धास्ती ओसरते आणि मेंदूला बरोबर हालचालीचीच उजळणी मिळते. पक्षाघातानंतर हाताचे व्यायाम सोप्यापासून सुरू करतात ते काहीसं याच हिशेबाने. मात्र झटका आखडण्याच्या जातीचा असेल, तर नुसत्या सरावाने तो जात नाही, कधी वाढतोही.

पेल्याच्या टणटणाटाने घरचे वैतागले आहेत. खारघरला तीनातला एक अजून चुकतो.

तुमचा हात कापत असेल तर येताना कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून आणा, आणि घेत असलेली सगळी औषधंही. आयुर्वेदिक धरून.