शिंजिराचा रंग

आमच्या चित्रकलेच्या गुरुजींजवळ एक जुने चित्र होते. मानवतसारख्या कापसाच्या पेठेत ते कोठून आले, कोण जाणे! पिवळ्या पडलेल्या कागदावर एक वेल, वेलीला फुले आणि फुलांपाशी अंगठ्याएवढे दोन पक्षी. त्यांचे कंठ निखाऱ्यासारखे लखलखत. "हे गुंजनपक्षी," गुरुजी म्हणाले. "इंग्रजीत यांना हमिंगबर्ड म्हणतात. अमेरिकेवाचून ते इतरत्र कोठेही आढळत नाहीत."

मला ते मुळीच पटले नाही. असलाच चिमुकला, निळा-जांभळा पक्षी आमच्या परसातील जास्वंदीवर रोज येत असे! गुरुजींनी समजावले, "अरे, तो शिंजीर. तोही फुलांतील मध चाखतो. परंतु बहुधा फांदीवर बसून. गुंजनपक्षी हवेतच स्थिर राहतो. त्यांची कुळेच निराळी." तरीही पक्षी एकदा हाती घेऊन चित्राशी ताडून पाहावा, असे माझ्या मनाने घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गलोल घेऊन परसात गेलो. एवढ्याशा पक्ष्याला नेम लागेल, असे मला खरोखर वाटले नव्हते. पण तो लागला.

तळहातावर तो किती हलका होता! उन्हात धरला की पिसे निळी चमकत. किंचित फिरवला की काळीठिक्कर दिसत. ती चकाकी केवळ रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळतो, म्हणून ती दिसते. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी मात्र रंग उडून चालला असे वाटून मी नुसता तळहात फिरवीत राहिलो.

पक्षी सदऱ्याच्या खिशात घालून मी गुरुजींकडे गेलो. ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक लागले. त्यांनी चित्र पुढे ओढले. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या ग्रंथातील चित्राची ती प्रत होती. हा ग्रंथ १८४९ ते १८६१ या काळात भागाभागांनी निघाला. त्यात ३६० चित्रे होती. ती दगडावर रेखाटून छापीत आणि मग हातांनी रंगवीत. पिसांची झळाळी यावी म्हणून सोन्याच्या वर्खावर पातळ रंग चढवीत. समोर नमुन्याला असत ते दूरदेशाहून आलेले मेलेले पक्षी! जिवंत गुंजनपक्षी गूल्डने प्रथम पाहिला तो १८५७ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे. तोवर ग्रंथ निघू लागून आठ वर्षे लोटली होती.

"म्हणजे त्यांनीही मेलेलेच पाहून चित्रे काढली ना?" मी चाचरत विचारले.

"हो," गुरुजी म्हणाले. "पण जिवंत पाहायला त्याला समुद्र ओलांडावा लागला. तुझा तर परसातच होता."

घरी आलो. लिंबोणीच्या फांदीला कोळिष्टकांनी विणलेले एक घरटे लोंबत होते. इतके दिवस मी ते वाळक्या पानांचा झुबका समजत होतो. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. इतक्यात पिवळसर पोटाची मादी चोचीत किडा घेऊन आली, क्षणभर घरट्याच्या तोंडाशी लोंबकळली आणि उडून गेली. मी चित्रवही घेऊन ओट्यावर बसलो. दिवेलागणीपर्यंत ती एकटीच येत-जात होती.