मोठ्या बाबांची डबी

आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात. त्यामुळे मोठ्या बाबांनी एवढीशी छोटी गाडी घेतली, तेव्हा पहिला विनोद आयताच तयार होता. तो कोणीही केला असता. दुसरा विनोद मात्र मी केला, आणि तो तेरा वर्षं टिकला.

त्याआधी आमच्या कट्ट्याबद्दल सांगायला हवं. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ एका गॅरेजच्या बाहेर आम्ही पाच जण बसायचो. शाळा, ट्यूशन आणि मग कट्टा. पाचही जण गाड्यांचे वेडे. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून 'ऑटोकार' किंवा 'ओव्हरड्राइव्ह'चा एक अंक वर्गणी काढून घ्यायचा आणि पान सुटेपर्यंत वाचायचा. ज्या गाड्यांत आयुष्यात बसलो नाही, त्यांच्या स्टिअरिंगचा 'फीडबॅक' कसा आहे हे आम्हाला पाठ होतं. पाच जणांत मिळून एकाच्या घरी गाडी होती, तीही मारुती ८००. दुसऱ्याकडे ट्रॅक्टर होता, तो आम्ही मोजत नव्हतो.

१० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटा नॅनो घेऊन आले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मित्राच्या घरी टीव्हीसमोर आम्ही रांगेत बसलो होतो, न्यायाधीशांसारखे. गाडी दिसली आणि पहिला निकाल नावावर लागला. नॅनो? आमच्या विज्ञानाच्या सरांनी तो शब्द नुकताच शिकवला होता: दहाचा उणे नववा घात. गाडीचं नाव कसं पाहिजे, तर स्कॉर्पिओ. सिव्हिक. स्विफ्ट. तोंडातून बाहेर पडताना वारा सुटला पाहिजे. हे तर प्रयोगशाळेतल्या बाटलीवरचं लेबल. आमच्यातल्या गुजराती मित्राने सांगितलं की त्यांच्याकडे 'नानो' म्हणजे लहान. मग काय, संध्याकाळपर्यंत ती कट्ट्यावर 'नानाची गाडी' झाली होती.

आता वाटतं, १९८३ साली आमच्यासारखी पोरं कट्ट्यावर असती तर त्यांनी मारुती ८०० चं काय केलं असतं? गावोगावी पारावर, वेशीवर शेंदूर लावून बसलेला देव, त्याचं नाव आणि डब्यासारखी जपानी गाडी. पण लोकांनी ते नाव असं पचवलं की आमच्या पिढीला मारुती म्हटल्यावर आधी गाडीच आठवायची. नाव पचतं की नाही हे नावात नसतं बहुतेक.

दुसरा निकाल रूपावर. नाक नाही. पुढून चेहरा असा, की कोणीतरी 'मी काय केलं?' विचारतंय. चाकं हातगाडीची. वायपर एक. चाकाला नट तीन. मागचं दार उघडतच नाही, सामान ठेवायचं तर मागची सीट पाडा. आम्ही एकेक गोष्ट मोजत होतो आणि हसत होतो.

ती तशी का आहे, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही. नाक नव्हतं कारण नाकात ठेवायला काही नव्हतं. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली होतं. त्यामुळे चाकं गाडीच्या चारही कोपऱ्यांत ढकलता आली आणि मधली सगळी जागा माणसांना मिळाली. बाहेरून ती मारुती ८०० पेक्षा आखूड होती, आतून ऐसपैस. छत उंच ठेवलं होतं, कारण आखूड गाडीत माणूस ताठ बसला तर पायाला जागा मिळते. एक वायपर, तीन नट, न उघडणारं दार: प्रत्येक ठिकाणी काही रुपये आणि काही ग्रॅम वाचवले होते. पुण्यात गिरीश वाघ यांच्या चमूने यासाठी कित्येक वर्षं डोकं फोडलं होतं. आम्ही स्वतःला गाड्यांचे जाणकार म्हणवत होतो, आणि आमच्या आयुष्यात समोर आलेली सगळ्यात हुशार गाडी आम्ही फक्त थोबाडावरून नापास केली.

पण खरं नुकसान ना नॅनो या नावाने केलं, ना त्या चेहऱ्याने. तिला दुसरंच एक नाव पडलं होतं: लाखाची गाडी.

हे नाव कसं पडलं ते रतन टाटांनीच सांगून ठेवलंय. जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये 'फायनान्शियल टाइम्स'च्या मुलाखतीत त्यांना विचारलं, ही स्वस्त गाडी केवढ्याला पडेल? ते म्हणाले, साधारण लाखभर रुपये. दुसऱ्या दिवशी तोच मथळा झाला. खुलासा पाठवावा असं त्यांना आधी वाटलं, मग वाटलं की हेच लक्ष्य का धरू नये. म्हणजे किमतीचा आकडा कारखान्याच्या आधी वर्तमानपत्रात तयार झाला. आणि एकदा आकडा झाल्यावर तेच नाव झालं.

आपल्या भाषेत लाख हा किती मानाचा शब्द आहे. लाखात एक. लाखमोलाचा माणूस. लाख बोललास. झाकली मूठ तर सव्वा लाखाची. इथे मूठ आधीच उघडून दाखवली, आणि तीही एकाच लाखाची. घेणाऱ्याने किती पैसे दिले हे रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत, अशी दुसरी कुठलीही गाडी नव्हती. कोणी वॅगन आर घेतली तर लोक विचारतात, ॲव्हरेज किती देते? नॅनो घेतली तर विचारायचे, खरंच लाखात भेटली का?

मोठे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, देवळी तालुक्यात. त्यांच्याकडे बजाज चेतक होती. जमनालाल बजाज यांच्या वर्ध्यात बजाजची स्कूटर नसलेलं मास्तराचं घर त्या काळी शोधावं लागायचं. त्या चेतकवर पुढे मी उभा, मोठे बाबा चालवताहेत, मागे ताई आणि तिच्या मागे कडेला मोठ्याई, मांडीवर पिशवी. पाऊस आला की मोठ्याई पदर ताईच्या डोक्यावर धरायची. म्हणजे स्वतःच्या नाही. पावसात स्कूटरवरून चाललेलं असं एक कुटुंब पाहून रतन टाटांना नॅनो सुचली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. मला ती ऐकताना कधी वाटलं नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. मी तर पुढे उभा होतो, मला समोरून येणाऱ्या गाड्या दिसत होत्या.

२००९ च्या एप्रिलमध्ये मोठ्या बाबांनी तीनशे रुपयांचा फॉर्म आणला आणि दहावीच्या पोरासारखा न खाडाखोड करता भरला. दोन लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली होती, पहिल्या एक लाख गाड्या सोडतीने द्यायच्या होत्या. त्यांचा नंबर लागला नाही. त्यांनी पैसे परत घेतले, ताईचं लग्न केलं, पुन्हा पैसे जमवले आणि २०११ च्या दसऱ्याला नागपूरहून पिवळी नॅनो आणली. विमा, आरटीओ धरून पावणेदोन लाखांच्या पुढे गेली. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, लोकांच्या डोक्यात लाखच होता.

येताना मी सोबत होतो. बुटीबोरी गेल्यावर ते पहिल्यांदा चौथ्या गिअरमध्ये आले. केळझरला गणपतीसमोर नारळ फोडला. एका पेट्रोल पंपावर थांबलो तर पोरगा नळी घेऊन मागे गेला, एका बाजूने बघून आला, दुसऱ्या बाजूने बघून आला. मोठे बाबा शांतपणे उतरले आणि पुढचं बॉनेट उघडलं. पेट्रोलचं झाकण तिथे होतं. पाच-सहा जण जमले. "इंजिन कुठं हाय मंग?" एकाने विचारलं. मोठ्या बाबांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, अगदी मागच्या सीटपासून. त्या दिवशी त्यांच्याइतका खूश माणूस मी पाहिला नव्हता.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळे माझी वाट बघत होते. मी बारावीत होतो. घरात नॅनो आलेला मी एकटाच होतो आणि हसू माझ्यावर येणार हे मला कळत होतं. म्हणून मीच आधी बोललो. आदल्या वर्षी देशात काही ठिकाणी नॅनोला आग लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. मी म्हटलं, "गाडी नाई बे, माचीसची डबी हाय ते."

हशा असा झाला की गॅरेजमधला मिस्त्री बाहेर आला.

नाव चांगलं होतं, ही माझी अडचण आहे. छोटं, गोल, म्हणायला सोपं, पिवळ्या रंगालाही शोभणारं. आठवडाभरात नाक्यावर चाललं, महिन्याभरात मोठ्या बाबांच्या शाळेत पोचलं. पोरं त्यांना 'डबीवाले सर' म्हणायला लागली. मोठ्याईने एकदा जेवताना सांगितलं, सहजच, की हे आजकाल एसटीने जातात म्हणे, गाडी घरीच असते. मी वरणात बघत राहिलो. एका लग्नाला त्यांनी गाडी मंगल कार्यालयापासून दोन गल्ल्या दूर लावली आणि मोठ्याईला शालू सावरत चालत आणलं. जागा होती. मी स्वतः समोर मोकळी जागा पाहिली होती.

पुढे मी नोकरीसाठी पुण्यात गेलो. २०१६ च्या सुरुवातीला टाटांच्या नव्या छोट्या गाडीचं नाव होतं झिका, 'झिपी कार'वरून. जाहिरातीला मेस्सी होता. आणि त्याच सुमाराला ब्राझीलमध्ये झिका विषाणू पसरला. १ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी कंपनीने नाव बदलणार म्हणून सांगितलं. लोकांकडून नावं मागवली. आमच्या कट्ट्याचा आता व्हॉट्सॲप ग्रुप झाला होता, तिथे पंधरवडाभर दुसरा विषय नव्हता. मी 'धाम' पाठवलं, पवनारच्या नदीचं नाव. ग्रुपवर उत्तर आलं, "पुढची मॉडेलं चारधाम का?" शेवटच्या तिघांत ॲडोर, सिव्हेट आणि टियागो होती. टियागो ठरलं आणि ६ एप्रिलला गाडी बाजारात आली. आज झिका कोणाला आठवतही नाही. टियागो मात्र वर्ध्यात गल्लोगल्ली आहे.

त्या पंधरवड्यात मला पहिल्यांदा नीट कळलं की कंपनीने ठेवलेलं नाव बदलता येतं. पत्रक काढलं, पाटी बदलली, झालं. लोकांनी ठेवलेलं नाव बदलायला अर्ज कुठे करायचा? 'सर्वांत स्वस्त' ही ओळख बसणं चुकीचं झालं, असं खुद्द रतन टाटा पुढे बोलले. नंतर नॅनोला नवे रंग दिले, पॉवर स्टिअरिंग दिलं, २०१५ मध्ये उघडणारं मागचं दारही दिलं. जून २०१८ मध्ये महिनाभरात एकच नॅनो तयार झाली. लाख काही सुटला नाही.

बजाजनेही चारचाकी काढून पाहिली, २०१२ मध्ये. तिला ते गाडी म्हणायलाच तयार नव्हते, क्वाड्रिसायकल म्हणायचे. पुढे नाव ठेवलं 'क्यूट'. ज्याला स्वतःच सांगावं लागतं की मला गोंडस म्हणा, त्याचं काय होणार. २०१९ ला ती महाराष्ट्रात आली, पण बजाज चौकात ती फारशी कोणी वळून पाहिली नाही. पाहिली असती तरी आम्ही काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे.

२०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली, दोन दारांची विजेवरची डबी. (बघा, शब्द अजून जात नाही.) किंमत आठ लाखांच्या आसपास. ग्रुपवर सगळे हरखले: काय फंकी आहे, युरोपियन वाटते. सुट्टीत घरी आलो होतो, मोठ्या बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून खालची मापं वाचली. "हे तं आपल्या गाडीहून आखूड हाय," म्हणाले आणि फोन परत दिला.

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री रतन टाटा गेले. सकाळी उठलो तर ग्रुपवरच्या चारही जणांच्या स्टेटसला नॅनो. पावसातली स्कूटर, हात जोडलेले इमोजी, 'सामान्य माणसाचं स्वप्न'. ज्याने तीन नट मोजून दाखवले होते, त्याचं स्टेटस सगळ्यात लांब होतं. मी काहीच ठेवलं नाही. बॅग भरून त्याच रात्री गाडीत बसलो, तसंही तिसऱ्या दिवशी दसरा होता.

दसऱ्याला मोठ्या बाबांनी नॅनो धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं. तिचं पंधरा वर्षांचं पासिंग २०२६ ला संपतं. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं यायला लागली, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा दोघा-तिघांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढले. मोठे बाबा प्रत्येक वेळी थोडे बाजूला सरकत होते, फोटोत गाडी नीट यावी म्हणून.

तीन नट मोजणारा मित्रही आला, सात वर्षांच्या पोराला घेऊन. पोराने बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं, इंजिन नाही म्हणून ओरडलं. मोठ्या बाबांनी त्याला मागे नेलं, सीट पाडली, झाकण काढून इंजिन दाखवलं. मागे का बसवलं, तेही सांगितलं. पोरगं थक्क. त्याने असली गाडी कधी पाहिली नव्हती.

"आजोबा, इचं नाव काय?"

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"या काकाले इचार," ते म्हणाले. "त्यानंच ठेवलं होतं."

मित्र फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला. मोठ्याई आतून चिवड्याच्या प्लेटी घेऊन येत होती. मी पोराजवळ खाली बसलो आणि म्हटलं, "नॅनो."

"म्हणजे?"

मी त्याला दहाचा उणे नववा घात सांगायला लागलो. मोठे बाबा हार सरळ करत होते.