वॉरंटीत न बसणारं

शनिवारची सकाळ बिघडलेली हार्ड डिस्क पॅक करण्यात गेली. आधी अँटिस्टॅटिक पिशवी, मग सहाही बाजूंनी दोन-दोन इंच फोम, वर जाड खोका. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, ते दबतात आणि डिस्क आत आपटते. खोका हलवून पाहिला. आवाज नाही. मी खूश!

चिकटपट्टी लावताना आई म्हणाली, "अरे, बाबांचे फोटो ह्यातच ना?"

हात थांबला. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही. बॅकअप 'पुढच्या रविवारी' घेणार होतो.

वॉरंटीचे अजून सहा महिने आहेत. खोका तोच, पॅकिंग तेच, पत्ता मात्र आता डेटा रिकव्हरीवाल्याचा.

तुमचा बॅकअप आहे ना?