त्रिरश्मीच्या पायऱ्या आणि शाळेचे मैदान

पोटापाण्यासाठी आम्ही बुलढाणा जिल्हा सोडून नाशिकला आलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. अंबडच्या कारखान्यात नोकरी, सिडकोत दोन खोल्यांचे घर, थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि गावाहून आलेली आजी असा आमचा पाच जणांचा संसार. परक्या गावात रविवार फार मोठा वाटतो. जायला नातेवाईक नाहीत, शेत नाही. सुरुवातीला आमचा रविवार कपडे धुण्यात, झोपण्यात आणि टीव्हीपुढे जायचा. दोन खोल्यांत पाच माणसे दिवसभर बसली की कुरबुर ठरलेलीच. एकदा आजीच वैतागून म्हणाली, "पोरांना घेऊन जा रे कुठंतरी. घराचं पार खुराडं केलं तुम्ही."

त्या दिवशी आम्ही त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. तेव्हापासून रात्रपाळी आडवी आली किंवा मुसळधार पाऊस लागला, तरच आमचा रविवार चुकतो.

नाशिक शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून हा डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पण पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंच्या निवासाची व वंदनेची लेणी आहेत. इथल्या शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे आले आहे. एकूण २४ लेणी आहेत आणि सर्वांत जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पायथ्याशी बुद्धविहार आहे, शेजारी फाळके स्मारक आहे. आम्ही पाथर्डी फाट्यावरून चालतच जातो. घरून भाकरी, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, आधी विहारात त्रिसरण-पंचशील घ्यायचे आणि मग पायऱ्या चढायच्या. वर तिकीट लागते, पण १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही. कष्टकरी कुटुंबाला परवडेल अशी ही सहल आहे.

मुलांनी पायऱ्यांचा खेळ केला. कोण आधी वर पोहोचतो, कोण न थांबता चढतो. धाकटा अर्ध्यावर बसायचा. थोरली मात्र वर जाऊन परत खाली यायची आणि आम्हाला हसायची. "मम्मी, तुम्ही अजून इथंच?" आमच्या लक्षात आले नाही, पण तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांच्या लक्षात आले. ती आठवीत गेली तेव्हा त्यांनी तिचे नाव १४ वर्षांखालील मुलींच्या ६०० मीटर शर्यतीसाठी घेतले.

आमच्यापैकी पुष्कळ पालकांना शालेय स्पर्धांची रीत माहीत नसते, आम्हालाही नव्हती. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात. आधी तालुका व जिल्हा पातळीवर स्पर्धा होतात. मोठ्या शहरात महानगरपालिका क्षेत्राची वेगळी स्पर्धा असते. तिथे जिंकले की विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला नियमाप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. म्हणजे खेळ ही केवळ श्रीमंतांच्या पोरांची हौस नव्हे. पण कागदपत्रे वेळेवर लागतात, जन्मदाखला आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. हे शिक्षकांना विचारून घ्यावे. विचारायला लाजू नये.

घरात मात्र वाद उभा राहिला. सराव पहाटे आणि शिकवणीचा वर्गही पहाटेच. बुटांचे पैसे आणि शिकवणीची फी एकाच महिन्यात आली. आजीने तर निकालच दिला. "आमचा जलम दुसऱ्याच्या ढोरामागं पळण्यात गेला. पोटासाठी पळालो आम्ही. आता ही पोर फुकटची कशाला पळती? शिकू द्या तिला. बाबासाहेबांनी शिका म्हणलं, पळा नाही म्हणलं."

या बोलण्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजीच्या पायांच्या भेगा आम्ही पाहिलेल्या आहेत. आम्ही मुलीचा सराव बंद केला. ती काही बोलली नाही, रडलीही नाही. पण पुढच्या रविवारी डोंगरावर यायला तिने नकार दिला. म्हणाली, "पळायचं नाही, तर चढायचं तरी कशाला?" आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्या दिवशी तिच्या जागी आजी आमच्याबरोबर आली. गुडघे दुखत होते, दर दहा-पंधरा पायऱ्यांवर बसत होती, पण वर आली. तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या लेण्यात आम्ही तिला गौतमी बलश्रीच्या शिलालेखाबद्दल सांगितले. हे लेणे त्या राजमातेने भिक्षुसंघाला दान दिले. आपण राजाची आई आणि राजाची आजी आहोत, असे तिने त्यात कोरून ठेवले आहे. आजी हसली. "मंजे आजीचंबी नाव दगडावर लागतं म्हणा की!"

मग आम्ही तिला आठव्या लेण्यापाशी नेले. ते लहान आहे, बरेच लोक तिथे थांबतच नाहीत. तिथल्या लेखात दात्याचे नाव मुगुदास असे आहे. त्याला 'दासक' म्हटले आहे, आणि अभ्यासक त्याचा अर्थ मासे धरणारा कोळी असा लावतात. त्याने हे लेणे सपरिवार दान दिले. दुसऱ्या एका उपासकाने त्या लेण्यातल्या भिक्षूच्या चीवरासाठी शेत दिले. अठराव्या चैत्याच्या दारावरचा लेख तर अख्ख्या गावाच्या दानाचा आहे. राजे-राण्यांच्या बरोबरीने हातावर पोट असलेल्यांनीही हा डोंगर उभा केला.

आजी बराच वेळ त्या लेण्याच्या ओट्यावर बसून होती. धाकट्याने शाळेत ऐकलेली गोष्ट तिला सांगितली, की तथागतांनी उपास करकरून शरीर झिजवले, पण त्याने ज्ञान मिळाले नाही. सुजाताची खीर घेतल्यावर अंगात बळ आले. आणि ज्ञान मिळाल्यावर ते ४५ वर्षे पायी फिरून धम्म सांगत राहिले. आजी म्हणाली, "मंजे ते बी चाललेच की जलमभर."

घरी आल्यावर तिने लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले. महिन्याच्या पेन्शनीतून साठवलेले होते. मुलीच्या हातावर ठेवून म्हणाली, "बूट घे. पर अभ्यास बुडाला तर बूट माझ्याकडं." आम्ही शिकवणीची वेळ संध्याकाळची करून घेतली. सकाळी दोघांपैकी ज्याची पाळी नसेल त्याने तिला मैदानावर सोडायचे असे ठरले. धाकट्याने पाण्याची बाटली सांभाळायची. कोळ्याने लेणे दिले तसे आमच्या घराने सपरिवार बुटांचा एक जोड दिला.

स्पर्धेचा दिवस उजाडला. ४०० मीटरच्या मैदानाला दीड फेरी म्हणजे ६०० मीटर. पहिल्या फेरीत ती तिसरी होती. शेवटच्या वळणावर दोघी पुढे गेल्या आणि ती पाचवी आली. विभागाला निवड झाली नाही. आजीला हे समजायला वेळ लागला. "पाचवी मंजे नापास का?" तिने विचारले. मुलगी दम टाकत म्हणाली, "नाही आजी. पुढच्या वर्षी परत." त्या क्षणी आम्हाला वाटले, की आमचे पैसे वाया गेले नाहीत. हरल्यावर 'परत' म्हणणारे मूल घरात असणे ही लहान गोष्ट नाही.

नाशिकच्या मातीत असे धावणारे आधीही झाले आहेत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत अनवाणी पळायला लागली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने विहिरी खोदण्याचे काम केले, सैन्यात गेल्यावर वल्हे हाती घेतले आणि तोही २०१६ साली रिओला पोहोचला. दुष्काळी गावच्या या पोराने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नौकानयनाचे सांघिक सुवर्णपदक आणले.

आणि त्याच्याही आधी आपला पळवणकर बाळू. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर या गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. पण इकडे मैदानावर सवर्ण खेळाडू आत चहा पीत, आणि त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू त्याने टाकलेला चालत होता, कप त्याने शिवलेला चालत नव्हता.

याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या खांद्याला खांदा लावून आपल्या आया-बापांनी लाठ्या आणि दगड खाल्ले. तो लढा पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. बंद दारापुढे बसून न राहता आपण नवी वाट धरली. आज शाळेच्या मैदानाला तसे दार नाही. पण शिकवणीच्या धाकाने, पैशाच्या ओढीने आणि 'हे आपल्यासाठी नव्हे' या जुन्या समजुतीने आपणच त्याला कडी लावतो. आम्हीही लावली होती. ती आजीने काढली.

तेव्हा बंधु-भगिनींनो, आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांचा अभ्यास तर घ्याच, पण रविवारचे चार तास त्यांच्याबरोबर चाला. नाशिकला असाल तर त्रिरश्मीवर या, दुसरीकडे असाल तर जवळचे लेणे, टेकडी, मैदान शोधा. मुलीलाही न्या, आजीलाही न्या. सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत उतरा. आणि वर आलात तर आठव्या लेण्यापाशी जरा थांबा. तिथल्या ओट्यावर आमची आजी बसलेली दिसली तर जयभीम करा. हल्ली थोरलीच्या आधी तीच आम्हाला उठवते.